मण्याची शिवण

गौरी-गणपती जवळ आले की रावेतच्या सोसायट्यांत तंगूस आणि मोत्यांची पाकिटं बाहेर निघतात. कुणाची महिरप, कुणाचं तोरण.

एक रंगीत मणी उजेडात फिरवून पाहावा. मधोमध केसाएवढी रेघ दिसते: साच्याच्या दोन भागांचा सांधा. पलीकडे चाकणला गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग घडतात तीच ही रीत, इंजेक्शन मोल्डिंग. दाणे वितळवायचे, दाबाने साच्यात भरायचे, थंड करायचे.

मणी बहुधा पॉलिस्टायरीनचा नाहीतर ॲक्रिलिकचा. ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं तर दोन्ही चिकट होतात. महिरपीची मेहनत वाया! मणी दोन्हींपैकी कशाचा ते ओळखायचं तर पाणी घ्यावं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. मीठ विरघळवत गेलं की पॉलिस्टायरीन आधी तरंगतं, कारण त्याची घनता १.०५, ॲक्रिलिकची १.१८. फक्त भोकातला हवेचा बुडबुडा आधी झटकायचा.