डॉल्फिनच्या बॉडीवरचे तडे : पुट्टीआधी हे करा

बंगळूरच्या सिपानी डॉल्फिनवर माझा फार जीव. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली, ८४८ सीसीची ही ऐंशीच्या दशकातली गाडी. बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे गंजत नाही. पण तडे जातात.

बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले तर नुसती पुट्टी भरू नका. तडा आत तसाच राहतो आणि नव्या रंगातून पुन्हा वर येतो. आधी मागची बाजू बघा : थर फुटलाय का, बोल्ट जास्त आवळलाय का? मेणपॉलिश धुऊन काढा, मग तडा पूर्ण संपेपर्यंत ८० नंबरच्या पेपरने घासा. आरपार असेल तर कडा दोन-तीन इंच उतरत्या करून मागून थर चढवा. जुन्या फायबरवर मी इपॉक्सी रेझिनच वापरतो, पकड जास्त चांगली येते. त्यासोबत विणलेलं ग्लासकापड घ्या. बाजारातली नेहमीची मॅट बहुधा पॉलिएस्टर रेझिनसाठी बनवलेली असते.

साधा पेंट रिमूव्हर अजिबात नको, तो रेझिनही खातो. घासताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. आणि भर पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रेझिन नीट बसत नाही.