‘त्यांच्यात चालतं’ म्हणणाऱ्यांसाठी

“त्यांच्यात चालतं हो.”

नगर जिल्ह्यात (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) आदिवासी किंवा भटक्या समाजातल्या एखाद्या बाईच्या मारहाणीचा, एखाद्या पोरीच्या बालविवाहाचा विषय निघाला की समोरून हे वाक्य हमखास येतं. कचेरीतला बाबू म्हणतो, शिकलेसवरलेले गुरुजी म्हणतात. कहर म्हणजे, ज्याच्या स्वतःच्या भावकीत नववीतल्या पोरीचं लग्न ‘स्थळ चांगलं आलं म्हणून’ उरकलेलं असतं, तोही मान डोलावून हेच म्हणतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर, राहुरी-संगमनेर-कोपरगावकडचे भिल्ल, जिल्हाभर पांगलेले पारधी, मढीच्या यात्रेला जमणारे वैदू आणि गोपाळ, सगळे एकाच पोत्यात. या वाक्यात तीन गैरसमज एकमेकांना चिकटून येतात. मारहाण हा ‘त्यांच्या’ संस्कृतीचा भाग आहे. आपले कायदे ‘त्यांना’ लागू नाहीत. आणि ‘ते’ स्वतःहून काही करत नाहीत, करायचं तर बाहेरच्यांनीच.

आधी आकडे, कारण त्यावर वाद घालायला जागा कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. राज्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ टक्क्यांच्या आत आहे. वादासाठी धरून चालू की राज्यातली झाडून सगळी आदिवासी बाई मार खाते. तरी उरलेल्या पंधरा टक्क्यांच्या पाठीवरचे वळ कुणाचे? बालविवाहांत याच सर्वेक्षणात परभणी ४८ टक्क्यांवर आणि बीड ४३.७ टक्क्यांवर होतं. बीडमध्ये अनुसूचित जमाती दोन टक्क्यांच्याही आत आहेत, परभणीत सव्वादोनच्या आसपास. पाथर्डी आणि जामखेडची शीव ओलांडली की बीडच लागतं, तेव्हा हे काही परक्या मुलखाचं गाऱ्हाणं नव्हे. तिथली कारणं उघड आहेत. ऊसतोडीत उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्याला’. सहा महिने आईबाप कारखान्याच्या फडावर असताना वयात आलेल्या पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही भीती आहे. यात कुठल्या जमातीच्या चालीरीती आल्या?

उलट चालीरीतीच काढायच्या तर काढूच. महादेव कोळी, ठाकर, भिल्ल या समाजांत विधवेला पुन्हा संसार मांडायला पूर्वीपासून मोकळीक आहे. पटलं नाही तर काडीमोडही होतो. मुलीकडच्यांनी हुंडा देण्याऐवजी मुलाकडच्यांनी देज देण्याची रीत होती. वाड्यात विधवेचं केशवपन चालू होतं, त्या काळात डोंगरात तिचा पाट लागत होता. म्हणून तिथे सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. ‘आदिवासी म्हणजे निसर्गाची निरागस लेकरं, तिथे बाईवर हात उगारला जातच नाही’ असं म्हणणारे शहरी भाबडे लोकही मला तितकेच वैताग देतात. हात उगारला जातो. जसा सगळीकडे उगारला जातो.

दुसरा गैरसमज कायद्याचा. त्याच्या बुडाशी खरी गोष्ट आहे, म्हणून तो शहाण्यासुरत्यांनाही फसवतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्येच लिहिलंय की केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे नवऱ्याने दुसरी बायको केली तर आदिवासी बाईची वाट अवघड होते. सुरजमणी स्टेला कुजूर खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरं लग्न रूढीनेच अवैध ठरतं, हे तिला सिद्ध करावं लागेल. इथवर बरोबर. पण इथून उडी मारून ‘म्हणजे त्यांना कुठलाच कायदा नाही’ असं म्हणायचं, हे अर्धवट वकिलीचं लक्षण. बालविवाह प्रतिबंधक कायदा (२००६) भारताच्या सगळ्या नागरिकांना लागू आहे. त्याच्या पहिल्याच कलमात एक अपवाद दिलाय, पुदुच्चेरीतल्या ‘रेनॉन्सां’ लोकांचा. फ्रेंच अमलात ज्यांनी फ्रेंच दिवाणी कायदा पत्करला, त्यांचे हे वंशज. अकोल्यातले ठाकर त्यांत बसत नाहीत. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं रक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्यात (२०१२) जमातीनुसार सूट नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर लग्नाची नोंद, फोटो, सप्तपदी यातलं काहीच मागत नाही. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या बाईलाही तो संरक्षण देतो. नवरा अठराच्या आतल्या बायकोशी संबंध ठेवत असेल तर तो बलात्कार आहे, हे ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तसंच आहे.

‘त्यांच्यात चालतं’ हे वाक्य नुसतं चहाच्या टपरीवरचं नाही, ते निकालपत्रातही बसून आलेलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय होती असा शेरा मारला आणि आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, हे एक कारण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आज कोठडीतल्या बाईची संमती गृहीत धरता येत नाही, ती त्या मुलीमुळे. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या पुरुषाने आदिवासी बाईवर केलेल्या अत्याचाराला १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागतो, तो वेगळाच. ‘त्यांच्यातलं त्यांच्यात’ म्हणणाऱ्यांना हे बाहेरून आलेले हात कधी दिसत नाहीत.

आता तिसरा, आणि मला सगळ्यात झोंबणारा गैरसमज: ते स्वतः काही करत नाहीत. शहादा ऐकलंय? आजच्या नंदुरबार जिल्ह्यात १९७१–७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याच्या पुढाकाराने भूमिहीन आदिवासी उभे राहिले, श्रमिक संघटना बांधली गेली. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण बायकांची शिबिरं भरली तेव्हा त्या जमिनीवर बोलून थांबल्या नाहीत. नवरा दारू पितो आणि मारतो, हेही त्यांनी सभेत मांडलं. मग गावोगाव भिल्ल बायका जमावाने दारूच्या गुत्त्यांवर गेल्या आणि मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभं करून माफी मागायला लावली. शंका असेल त्याने मारिया मीस या अभ्यासक बाईंचा शहाद्याच्या चळवळीवरचा १९७६ चा लेख पाहावा. शहरातल्या स्त्रीमुक्तीच्या संघटना अजून नीट उभ्याही राहिल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. याच भिल्लांचे भाऊबंद आपल्या राहुरीत आणि कोपरगावात राहतात, आणि त्यांच्याबद्दल आपण ‘जाणीवजागृती व्हायला हवी’ म्हणतो.

भटक्यांचंही तेच. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भटक्या जमाती उतरतात. तिथे अनेक समाजांच्या जातपंचायती भरायच्या. दंड, वाळीत टाकणं, बाईच्या चारित्र्याचे निवाडे, सगळं पंचांच्या ओठांवर. २०१३ मध्ये नाशिकच्या एका खुनानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ ही मोहीम सुरू केली. पण ती चालली कुणाच्या जिवावर? वाळीत पडलेल्या घरांतल्या माणसांनी नावानिशी पुढे येऊन तक्रारी दिल्या, म्हणून. पुढे वैदूंसह काही समाजांनी आपल्या जातपंचायती स्वतः बरखास्त केल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळात एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. त्याच सुमारास कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नावाचा गट काढला. २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांतल्या काही पोरांनी मार खाल्ला, तरी मागे हटले नाहीत.

‘अडाणी बायका काय करणार’ हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. त्याचं उत्तर याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून उभं आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावाचं आरोग्य सोपवलं ते गावातल्याच बायकांवर. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या बाळंतपणं करू लागल्या, कुपोषण हेरू लागल्या आणि ओघाने कुणाच्या घरी सून मार खातेय, कुठली पोर लवकर उजवतायत, हेही त्यांच्याच कानावर पहिल्यांदा येऊ लागलं. त्या बहुतेक आदिवासी नव्हेत, हे मान्य. पण शाळेचा दाखला नसलेली बाई गाव हलवू शकते, एवढं त्यांनी दाखवून दिलं. आरोळ्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

बालविवाह प्रत्यक्षात कसा थांबतो, तेही पाहण्यासारखं आहे. मांडव पडलेला असतो, हळद लागलेली असते, तांदूळ निवडून ठेवलेला असतो. खबर बहुतेक वेळा मुलीची मैत्रीण किंवा त्याच वस्तीतली अंगणवाडी सेविका देते. बाहेरच्याला पत्ता लागेपर्यंत वऱ्हाड जेवून गेलेलं असतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. तो पोलीस घेऊन येतो, तेव्हा बाप आधार कार्ड पुढे करतो. त्यावर जन्मसाल सोयीचं असतं. पण आधार हा वयाचा पुरावा नव्हे, सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हे सांगितलंय. बाल न्याय कायद्यात क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मग मुलगी बाल कल्याण समितीसमोर जाते, आईबाप हमीपत्र देतात. आणि पुष्कळदा पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात मामाच्या गावी तेच लग्न गुपचूप लागतं. हमीपत्रावर भिस्त ठेवणाऱ्यांनी बालविवाह प्रतिबंधक कायद्याची कलमं १३ आणि १४ वाचावीत. न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम घेतला, तर त्यानंतर लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. हमीपत्राला ती ताकद नाही. मुलगी पुन्हा शाळेत दिसते का, हे रोज पाहणारं कुणी असेल तर ती वस्तीवरचीच बाई असते.

बाकीचे किरकोळ गैरसमज झटपट.

‘पेसा गावात ग्रामसभा बलात्काराचं प्रकरण मिटवू शकते.’ साफ खोटं. अकोल्याचा जो भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने पारंपरिक पद्धतीने तंटे सोडवण्याची मुभा दिली आहे. बलात्कार हा तंटा नव्हे, गुन्हा आहे आणि त्यात तडजोड चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खडसावून सांगितलंय. त्याच पेसाने ग्रामसभेला दारूविक्रीवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिलाय. तो मात्र कुणी आठवणीने सांगत नाही.

‘दारू बंद झाली की मार बंद.’ दारूने मार वाढतो, यात वाद नाही. पण त्याच आरोग्य सर्वेक्षणात न पिणाऱ्या नवऱ्यांच्याही पाचातल्या एकीहून जास्त बायकांनी हिंसा सांगितली आहे.

‘हे बायकांचं काम.’ कॅनडात २०११ मध्ये पॉल लासर्ट नावाचा आदिवासी बाप आणि त्याची मुलगी रेव्हन शिकारीला गेले होते. जवळून जाणाऱ्या महामार्गावर कित्येक आदिवासी बायका-मुली बेपत्ता झालेल्या, मारल्या गेलेल्या. या बापलेकीने मारलेल्या मूस हरणाच्या कातड्याचे छोटे तुकडे कापून पुरुषांना छातीवर लावायला दिले, बायका-मुलांवर हात उगारणार नाही असा शब्द घेऊन. ती मोहीम आज देशभर चालते, आणि ती सुरू झाली ती पुरुषांपासून.

‘नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये.’ कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

‘लग्न लागलं, आता काय उपयोग?’ मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत ते लग्न रद्द करून मागू शकते. झालेलं मूल औरस राहतं, तिला पोटगीही मिळू शकते.

‘१०९८ बंद पडली.’ बंद पडलेली नाही. मुलांसाठीची ही मदतवाहिनी आधी संस्थांमार्फत चालायची, २०२३ पासून ती महिला व बालविकास विभागाकडे गेली. फोन चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत. बायकांसाठी १८१ आहे.