खेळाडूंचे वेतन आणि मालकांची तिजोरी

बेसबॉलच्या एखाद्या संघाने खेळाडूंच्या वेतनापोटी वर्षाकाठी किती द्रव्य खर्चावे, ह्यास अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत आजवर कडेकोट मर्यादा नाही. अमेरिकन फुटबॉलने १९९४ पासून अशी मर्यादा मान्य केली, आइस हॉकीने एक संपूर्ण हंगाम गमावून २००५ साली ती पत्करली, आणि आपल्याकडील आयपीएलचा २०२५ च्या हंगामासाठीचा लिलाव तर प्रत्येक संघास नेमून दिलेल्या १२० कोटी रुपयांतच उरकला. बेसबॉलमध्ये आहे तो केवळ कर: २०२५ साली २४ कोटी १० लक्ष डॉलरांची रेषा ओलांडणाऱ्या संघाने वरच्या रकमेवर चढत्या दराने तो भरावयाचा. लॉस एंजलिसच्या डॉजर्सनी २०२४ च्या हंगामापोटी दहा कोटींहून अधिक डॉलर भरले आणि त्या व पुढच्याही वर्षी अजिंक्यपद मिळवले. उलट पिट्सबर्गच्या प्रेक्षकाने १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे आपला संघ जिंकण्यापेक्षा अधिक वेळा हरताना पाहिला. त्याचे दुःख मला खरे वाटते.

तथापि मर्यादेची मागणी कोणाकडून येते, हे ध्यानी घेतल्यावाचून ह्या मामल्याचा निवाडा करू नये. सेंट लुइसकडून बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लडला १९६९ साली परभारे फिलाडेल्फियाच्या हवाली करण्यात आले, तेव्हा आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नव्हे, अशा आशयाचे पत्र त्याने नाताळच्या पूर्वदिनी आयुक्त बोवी कून ह्यांस धाडले. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ५ विरुद्ध ३ मतांनी त्याची दाद फेटाळली, आणि खेळाडूंच्या पायांतील बेडी तुटली ती १९७५ च्या अखेरीस, लवाद पीटर साइट्झ ह्यांच्या निर्णयाने.

पुढे १९९४ साली मालकांनी वेतनमर्यादेचा आग्रह धरला, १२ ऑगस्टला खेळाडूंनी संप पुकारला आणि त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली. खेळ थांबला तेव्हा ७४ विजय व ४० पराभव अशी सर्वोत्तम कामगिरी ज्याच्या नावावर होती, तो माँट्रिअलचा एक्स्पोज संघ वेतनखर्चात जवळजवळ तळाशी होता! गरीब संघांच्या रक्षणार्थ म्हणून मांडलेल्या मर्यादेच्या भांडणात बळी पडला तो हाच गरीब संघ. पुढच्या वसंतात त्याचे मोहरे पांगले आणि २००५ साली संघच वॉशिंग्टनला गेला. माँट्रिअलमधील अखेरच्या सामन्याच्या दिवशी, २९ सप्टेंबर २००४ ला, एकतीस हजारांवर प्रेक्षकांसमोर उलगडला तो १९९४ च्या त्या संघाचा गौरव करणारा ध्वज.

माझ्या मते विषमतेचे मूळ वेतनात नसून उत्पन्नात आहे. फुटबॉलमध्ये राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसे सर्व संघांत समान वाटले जातात, म्हणून लाखभर वस्तीचे ग्रीन बे न्यूयॉर्कसमोर उभे राहते. बेसबॉलमध्ये स्थानिक प्रक्षेपणाच्या हक्कांचा मोठा वाटा ज्याचा त्याच्याच खजिन्यात जमा होतो. शिवाय वाटणीतून मिळालेली रक्कम संघावर खर्चली गेली नाही, अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने २०१८ साली पिट्सबर्गसह चार संघांविरुद्ध गुदरली होती. अशा स्थितीत नुसती कमाल मर्यादा घातल्यास वाचलेला पैसा मालकांकडेच राहील, पिट्सबर्गच्या मैदानावर तो उतरणार नाही. विद्यमान करारनाम्याची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. नव्या मसुद्यात पहिले कलम प्रक्षेपणाच्या उत्पन्नाच्या वाटणीचे असावे, दुसरे किमान वेतनखर्चाच्या सक्तीचे, आणि कमाल मर्यादेचे कलम त्यानंतरच लिहावे.