ताडीत मिसळलेली गुंगी

वळसंग, अक्कलकोट, सोलापूर या पट्ट्यात ताडी आणि शिंदी नवी नाही. झाडावरून पहाटे उतरवलेला रस म्हणजे गोड नीरा. ऊन चढले की काही तासांत ती आंबते आणि तिच्यात थोडे अल्कोहोल तयार होते. पण झाडे कमी आणि गिऱ्हाईक जास्त झाले, की पाणी, सॅकरिन आणि पांढरी भुकटी यांचीच ‘ताडी’ विकली जाते. ही भुकटी अनेकदा क्लोरल हायड्रेट असते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३२ मध्ये अल्कोहोलवर क्लोरीन वायूची क्रिया करून क्लोरल तयार केले. त्याचा पाण्याशी संयोग झाला की क्लोरल हायड्रेटचे रंगहीन स्फटिक मिळतात. ते उग्र वासाचे, कडवट आणि पाण्यात सहज विरघळणारे असतात. १८६९ मध्ये लीब्राइख यांनी ते झोपेचे औषध म्हणून वापरात आणले. शरीरात त्याचे क्लोरोफॉर्म होते, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात त्यापासून ट्रायक्लोरोइथेनॉल बनते आणि तेच मेंदूवर गुंगी आणते. सोबत दारू असेल तर दोन्हींचा परिणाम वाढतो. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, रक्तदाब घसरतो, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर नेमका उतारा नाही.

दुसरा धोका पिणे अचानक थांबल्यावरचा. रोजच्या गुंगीला सरावलेला मेंदू ती मिळेनाशी झाली की बिथरतो. हातपाय थरथरतात, झोप उडते, भास होतात, फिट येते. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद आणि महबूबनगरकडच्या रुग्णालयांत अशा रुग्णांची रीघ लागली होती.

घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते. रुग्णाला खोलीत कोंडतात, नाहीतर देवऋषाकडे नेतात आणि मोलाचे तास जातात.

माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, घरघर लागली असेल किंवा फिट आली असेल, तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. तो ताडी पितो, शेवटची कधी प्यायला, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. उपचाराची दिशा त्यावर ठरते. रोज पिणाऱ्याने ती एका झटक्यात तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.