गंजाखालचे पोलाद

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात राहावयास जाणाऱ्या मराठी आईवडिलांना ‘गॅरेज सेल’ हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. शनिवारी सकाळी घरासमोरच्या वाटेवर टेबले मांडून नको असलेले कपडे, खेळणी, भांडी आणि पुस्तके विकण्याची ही पद्धत. बहुतेक गिऱ्हाईक याच वस्तूंभोवती घुटमळते. मात्र गर्दीतली काही माणसे टेबलांकडे न पाहता थेट गॅरेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतात, पत्र्याच्या डब्यात हात घालतात आणि गंजलेला एखादा रंधा उजेडात धरून निरखू लागतात. जुन्या हातहत्यारांचा शोध घेणाऱ्यांची ही जमात अमेरिकेत मोठी आहे. त्यांच्या संस्थाही जुन्या आहेत. ‘अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन’ ही संस्था १९३३ साली स्थापन झाली, तर ‘मिड-वेस्ट टूल कलेक्टर्स असोसिएशन’ १९६८ साली.

गंजलेल्या लोखंडात असे काय दडलेले असते? याचे उत्तर त्या देशाच्या औद्योगिक इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुताराची आणि यंत्रकारागिराची उपजीविका हातातल्या हत्यारावर अवलंबून होती. गिऱ्हाईक जाणकार होते, त्यामुळे कारखानदारांना दर्जा राखावाच लागे. ‘ब्लॅक अँड डेकर’ने पिस्तुलासारख्या मुठीच्या विजेच्या ड्रिलचे पेटंट १९१७ साली मिळवले. महायुद्धानंतर अशी यंत्रे घरोघरी पोचली. व्यावसायिक कारागीर यंत्रांकडे वळला आणि हातहत्यारे हौशी गिऱ्हाइकासाठी स्वस्तात बनू लागली. जुन्या हत्याराला आज मान आहे तो या कारणाने. केवळ जुने म्हणून ते चांगले ठरत नाही.

घरातून थेट बाजारात

‘इस्टेट सेल’ हा प्रकार गॅरेज सेलहून वेगळा आहे. घरातील वृद्ध व्यक्तीचे निधन झाले किंवा ती छोट्या घरात वा वृद्धाश्रमात राहावयास गेली, की सबंध घरातील सामान विक्रीस निघते. बहुधा हे काम टक्केवारीवर करणारी व्यावसायिक मंडळी असतात. पहाटे रांगेत क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत आणि शेवटच्या दिवशी अनेकदा निम्मी, असा साधारण शिरस्ता असतो. पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तू दोन-तीन हातांतून फिरून आलेली असते. येथे मात्र ती ज्या खुंटीवर आयुष्यभर टांगलेली होती, त्याच खुंटीवरून विकली जाते. ती कोणी वापरली आणि कशी राखली, हे सारे समोर दिसत असते. ज्या माणसाच्या कामाच्या टेबलावर हत्यारे ओळीने मांडलेली आणि तेल लावून ठेवलेली आढळतात, त्याच्याकडची न पाहिलेली पेटीही उघडून पाहावी, असे अनुभवी शोधक सांगतात.

रंध्याची कुंडली

या शोधातील सर्वांत परिचित नाव म्हणजे ‘स्टॅन्ली’. लिओनार्ड बेली या कारागिराने लोखंडी रंध्याच्या रचनेत मूलभूत सुधारणा केल्या. स्क्रू फिरवून पाते बारीक-जाड बसवण्याची सोय हे त्यांचे मर्म. त्याचे हक्क कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली घेतले. हे रंधे क्रमांकांनी ओळखले जातात. सुमारे नऊ इंच लांबीचा चार क्रमांकाचा रंधा सफाईसाठी, चौदा इंची पाच क्रमांकाचा सर्वसाधारण कामासाठी आणि बावीस इंची सात क्रमांकाचा लांब फळीची कड सरळ करण्यासाठी. चार आणि पाच क्रमांकाचे रंधे लाखोंनी बनले, म्हणूनच ते आजही गॅरेज सेलमध्ये थोडक्या डॉलरांत मिळतात. उलट एक क्रमांकाचा चिमुकला रंधा इतका दुर्मीळ आहे, की संग्राहक त्यासाठी हजार डॉलरच्या घरात रक्कम मोजतात. साहजिकच त्याच्या नकलाही निघाल्या आहेत.

रंध्याचे वय ओळखण्याचे एक साधन त्याच्या अंगावरच असते. पात्याच्या बैठकीमागे ओतकामात पेटंटच्या तारखा उमटवलेल्या असतात. मात्र त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १९१० सालची तारीख असेल, तर तो रंधा त्यापूर्वीचा नाही इतकेच सिद्ध होते. तो १९१५ सालचाही असू शकेल. पात्यावरील बदामाच्या आकाराची मोहोर ही दुसरी खूण. कंपनीचे दीर्घकाळचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या नावावरून घेतलेले हे चिन्ह १९२०च्या दशकातील हत्यारांवर आढळते.

करवतींमध्ये हेच स्थान ‘डिस्टन’चे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हेन्री डिस्टन यांनी १८४० साली फिलाडेल्फियात व्यवसाय सुरू केला. त्यांच्या करवतीच्या लाकडी मुठीवर पितळी बिल्ला असतो आणि त्यावरील मजकूर काळाचा साक्षीदार ठरतो. ‘अँड सन’ असे एकवचन असल्यास करवत १८६५ ते १८७१ या काळातील, अनेकवचन असल्यास त्यानंतरची. १९५५ साली ही कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाने विकत घेतली. त्याआधीच्या करवतींना जाणकार अधिक पसंती देतात.

गंज क्षम्य, तडा नव्हे

नवख्या गिऱ्हाइकाला गंजाचे भय वाटते. वास्तविक वरवरचा तांबूस गंज हा दोष नव्हे, कारण तो निघतो. पाहावयाचे ते वेगळेच.

रंधा उलटा करून पात्याच्या फटीभोवती आणि दोन्ही बाजूंना केसासारखा तडा आहे का, ते पाहावे. ओतीव लोखंडाचा तडा सहसा धड सांधत नाही. पाते घासून-घासून आखूड झालेले नाही ना, हेही तपासावे. मूठ तडकली असेल तर ती चिकटवता येते.

करवत डोळ्यासमोर आडवी धरून तिच्या पाठीवरून नजर फिरवावी. हलकी कमान सुधारते, पण तीव्र मुरड पडलेली करवत कुशल कारागिराशिवाय सरळ होत नाही. बोथट दातांची चिंता नको, कानशीने त्यांना धार येते. मात्र तुटलेले दात अनेक असतील तर ती सोडून द्यावी.

पटाशीची सपाट पाठ महत्त्वाची. धारेलगत गंजाने खड्डे पाडले असतील, तर धार कधीही सलग येणार नाही. टोकाशी पोलाद निळे पडलेले दिसले, तर कोणीतरी ते यंत्रावर घासताना तापवून मऊ केले आहे असे समजावे. तेवढा भाग घासून काढावा लागतो.

गंज काढण्याचे सोपे उपाय घरातच असतात. साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून नंतर घासणे, सोड्याच्या पाण्याने धुणे, पूर्ण कोरडे करणे आणि लगेच तेलाचा हात फिरवणे एवढे बहुधा पुरते. काही जण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विद्युत् प्रवाह सोडून गंज काढतात. हा प्रयोग उघड्यावरच करावा, कारण त्यात हायड्रोजन वायू निर्माण होतो. दुसऱ्या टोकाला साधे लोखंड लावावे. स्टेनलेस स्टील लावल्यास क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. हत्यारावर जुना रंग असल्यास तो कोरडा घासू नये. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली, त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. आणि वस्तू दुर्मीळ वाटली तर तिला हात लावण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. चकचकीत केलेल्या हत्याराची किंमत संग्राहकांच्या लेखी घटते.

भारतात परतताना दोन गोष्टी विसरू नयेत. धारदार वा लांब हत्यारे विमानात हातातील सामानात चालत नाहीत, ती मोठ्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवावीत. दुसरे असे, की महायुद्धापूर्वीच्या अनेक स्टॅन्ली रंध्यांच्या मुठी ब्राझीलच्या रोजवुडच्या आहेत. या वृक्षाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ सालापासून कडक निर्बंध आहेत. तेव्हा अशी वस्तू सीमेपार नेण्याआधी नियमांची चौकशी करणे इष्ट.

भाव आणि भान

घासाघीस या बाजारात चालते, पण तिलाही मर्यादा आहे. वस्तूला नावे ठेवून भाव पाडणे असभ्य समजले जाते. त्याऐवजी चार-पाच वस्तू एकत्र घेऊन एक रक्कम सुचवावी आणि ती रोख द्यावी. खरा प्रश्न निराळा आहे. टेबलामागे बसलेल्या वृद्धेला पतीच्या पेटीतील रंध्याचे मोल ठाऊक नसते आणि समोरच्याला ते ठाऊक असते. व्यावसायिक विक्रेत्याशी व्यवहार असेल, तर ज्ञानाचा लाभ घेणे हा बाजाराचाच नियम. पण घरच्या माणसाकडून पाच डॉलरला पाचशेची वस्तू मुकाट्याने उचलणे कायद्यात बसले तरी मनाला पटत नाही. अनेक जुने शोधक अशा वेळी खरी किंमत सांगून योग्य तो भाव देतात. पुढे हीच कुटुंबे ओळखीपाळखीत त्यांचे नाव सुचवतात, असा त्यांचा अनुभव आहे.

हत्यार वापरणारा माणूस गेला, की त्याच्या हातची विद्या बरीचशी त्याच्याबरोबर जाते. पेटी भंगारात गेली तर उरलेलीही जाते. गंज काढून, धार लावून तो रंधा पुन्हा लाकडावर चालवला गेला, तर निदान तेवढी वाचते.