बर्फाच्या कडेला उगवणारे स्लाइम मोल्ड

आल्प्समध्ये वसंतात स्कीवाले घरी परततात, तेव्हा स्लाइम मोल्डवाले डोंगर चढू लागतात! वितळत्या बर्फाच्या कडेला, गेल्या वर्षीच्या आडव्या पडलेल्या गवतावर आणि काटक्यांवर एक-दोन मिलिमीटरचे गोळे दिसतात. लॅम्प्रोडर्माचे निळे-जांभळे चमकतात, डायडर्मा निव्हियमचे चुन्याच्या पांढऱ्या कवचात असतात. दिसायला बुरशी, पण नातं अमीबाशी.

गंमत म्हणजे बर्फाळ डोंगरात राहूनही यांच्या अमीबा-अवस्थेतल्या पेशींना कडक गोठण सोसत नाही. म्हणून जमीन गोठण्याआधीच जाड बर्फ पडायला हवा. एकदा ही गोधडी अंगावर आली, की वर हवा उणे १५ अंश असली तरी खाली तापमान शून्याच्या आसपासच राहतं. तिथे अंधारात अमीबा जीवाणू फस्त करत वाढतात. बर्फ साधारण तीन महिने सलग टिकला, तर वसंतात तो वितळताना बीजाणूंचे गोळे तयार होतात. त्यामुळे हिवाळ्यात एकूण बर्फ किती पडला यापेक्षा तो कधी पडला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

यातल्या अनेक जाती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या शार्ल मेलां यांनी ज्युरा पर्वतात शोधल्या. पेशाने ते शाळामास्तर!

आपल्यापैकी कोणी युरोपात असेल, तर मे महिन्यात भिंग घेऊन बर्फाच्या कडेपासूनचे पहिले एक-दोन मीटर गुडघे टेकून बघा. आणि फोटो नक्की टाका.