वार्धक्याचा पाया कोठे पडतो?

साठी उलटली की रक्तात साखर वाढायची, हृदयाने कुरकुर करायची आणि गुडघ्यांनी असहकार पुकारायचा, अशी आपल्या समाजाची ठाम समजूत आहे. देहधर्म आहे, प्रारब्ध आहे, फार तर ‘घराण्यातच आहे’, असे म्हणून आपण मोकळे होतो. या समजुतीत सत्याचा अंश नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकाच गावातील, एकाच वयाच्या दोघांपैकी एकजण पंचाहत्तरीतही शेताच्या बांधावरून फिरतो आणि दुसरा पंचावन्नाव्या वर्षीच काठी टेकू लागतो, याचा उलगडा प्रारब्ध या एका शब्दाने कसा व्हावा? तो करण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ गेली कित्येक दशके करीत आहेत, आणि त्यांतील एक अत्यंत महत्त्वाचा प्रयत्न आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत झालेला आहे. त्याची जितकी चर्चा मराठी वाचकांत व्हावयास हवी होती तितकी झाली नाही, म्हणून आज हा विषय या जागी घेत आहोत.

‘घराण्यातच आहे’ या म्हणण्याचा निकाल प्रथम लावू. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जुळ्यांच्या जोड्यांच्या आयुर्मर्यादेचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुष्याच्या लांबीत जो फरक पडतो, त्यातील सुमारे चतुर्थांशच रक्ताच्या वारशाने समजावून देता येतो, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ प्रत्येकाच्या आयुष्याचा एक चतुर्थांश आईबापांनी लिहून ठेवला आहे असा नव्हे. हा हिशेब समूहाचा आहे, व्यक्तीचा नव्हे. तथापि फरकाचा फार मोठा भाग अन्यत्र शोधावा लागतो, एवढे त्यावरून निश्चित होते.

अन्यत्र म्हणजे कोठे? या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर इंग्लंडमधील जुन्या वह्यांत सापडले. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी प्रत्येक नवजात बालकाचे वजन नोंदवीत. पुढे वर्षभर आरोग्यपरिचारिका त्या घरी जात आणि मूल अंगावर पिते की बाटलीने, एक वर्षाचे झाल्यावर त्याचे वजन किती भरले, हे लिहून ठेवीत. इथेल मार्गरेट बर्नसाइड या बाईंनी ही शिस्त घालून दिली. त्या नोंदी पुढे प्राध्यापक डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा त्यांनी माग काढला आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्मतः व पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत अधिक होते. साठाव्या वर्षीच्या दुखण्याची चाहूल पाळण्यातच लागली होती, असे म्हणावयाचे!

हे विलायतेचे झाले, असे कोणी म्हणेल. पण म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयातही १९३४ पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. तेथे जन्मलेल्या व चाळिशी ओलांडलेल्या माणसांची तपासणी करून १९९६ साली जे आकडे मांडले गेले, ते बोलके आहेत. जन्मवजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांत हृदयरोगाचे प्रमाण शेकडा ११ होते, तर ३.१ किलो वा अधिक वजनाने जन्मलेल्यांत ते शेकडा ३ होते. कोणा अनामिक परिचारिकेने तागडीत घातलेल्या बाळाचा आकडा नीट अक्षरांत लिहिला, म्हणून अर्धशतकानंतर हे ज्ञान हाती लागले.

आता पुण्याकडे वळू. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली, साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल आदींच्या सहकार्याने, पुणे परिसरातील सहा गावे निवडली. त्यांनी रोग झालेल्या वृद्धांपासून आरंभ केला नाही. अद्याप गर्भवतीही न झालेल्या विवाहित स्त्रियांपासून केला, आणि या कार्याचे मर्म येथेच आहे. दोन हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद झाली आणि पुढे ज्यांना दिवस गेले त्यांचा आहार, त्यांचे कष्ट, त्यांचे रक्त, सर्व काही मोजले गेले. या माता सरासरीने जेमतेम ४२ किलो वजनाच्या. त्यांची बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची, तर त्याच मोजमापाने पाहिलेली साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आश्चर्य पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू व पोटातील इंद्रिये खुरटलेली असली, तरी त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ दिसावयास रोडके, परंतु आतून मेदयुक्त! जो देह पुढे चाळिशीत मधुमेहाला सहज बळी पडतो, त्याचा नकाशा जन्मतःच काढलेला होता.

स्वतः डॉ. याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले व लंडनचे सहकारी डॉ. जॉन यूडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून ही गोष्ट मोठ्या खुबीने दाखविली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ च. शरीरातील चरबी मात्र यूडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! नुसत्या वजनकाट्यावर विश्वासणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

त्या गावांत काय आढळले, याचा तपशील आणखी उद्बोधक आहे. ज्या गर्भवती पालेभाज्या, फळे व दूध वारंवार खात-पीत, त्यांची बाळे आकाराने मोठी निपजली. ज्यांच्यामागे शेतीचे व पाणी भरण्याचे कष्ट अधिक होते, त्यांची बाळे लहान झाली. जवळजवळ दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ‘ब १२’ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. फॉलिक आम्लाची उणीव मात्र क्वचितच आढळली. ज्या मातांच्या रक्तात हे आम्ल भरपूर आणि ‘ब १२’ अपुरे होते, त्यांच्या मुलांची शरीरे सहाव्या वर्षीच इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरे. म्हणून २०१२ पासून त्याच मुलांना, ती वयात येत असताना, ‘ब १२’ देऊन त्यांच्या पुढच्या संततीवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. तीन पिढ्यांचा हा हिशेब आहे.

आता या आकड्यांमागील घर पाहा. ‘ब १२’ दुधादह्यात, अंड्यांत व मांसात असते. माळकरी घराच्या शाकाहाराला आम्ही दूषण देत नाही. परंतु गोठ्यात दुभती जनावरे असताना सकाळचे दूध किटलीत भरून डेअरीवर जावे आणि गर्भार सुनेच्या वाट्याला कोरा चहा यावा, याला शाकाहार म्हणत नाहीत. सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले पुढ्यात घेऊन बसणारी सून हे आपल्या कुटुंबव्यवस्थेचे एक भूषण म्हणून पुष्कळ गायिले गेले आहे. त्या भूषणाची किंमत तिच्या पोटी आलेला जीव पन्नास वर्षांनी भरतो, असे आता सप्रमाण दिसू लागले आहे. आणि येथे एक इशारा अगत्याचा आहे. या संशोधनाचा उपयोग आईला दोष देण्यासाठी करणे हा शुद्ध अन्याय होईल. ताटात काय पडावे, हंडा कोणी वाहावा, हे ठरविणारी ती नसतेच; ते सासर ठरविते, दुष्काळ ठरवितो, बाजारभाव ठरवितात.

घराबाहेरच्या उतरंडीचाही असाच हात देहापर्यंत पोहोचतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील १७,००० हून अधिक पुरुषांची पाहणी १९६७ पासून झाली. यांत कोणी उपाशी नव्हता, बेकार नव्हता. तरीही सर्वांत खालच्या दर्जाच्या शिपाई-हरकाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते, आणि धूम्रपानादी सवयी जमेस धरूनही या तफावतीचा निम्मा भागदेखील उलगडेना. आपल्याकडे तर दर्जाला जातीची, जमिनीची आणि झोपडपट्टीची जोड आहे.

हे सारे आपल्या देशापुरते मोजण्याचे एक मोठे काम देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने अंगावर घेतले. २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढील स्त्रीपुरुष व त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० वर लोकांना विचारपूस झाली. मुठीची पकड, चालण्याचा वेग, रक्तदाब, श्वास यांचे मापन झाले, आणि घरात कोण आहे, पैसा कोठून येतो, हेही विचारले गेले. २०२१ मध्ये अहवाल आला तेव्हा साठीपुढील चारांपैकी तिघांना कोणता ना कोणता जुनाट विकार असल्याचे सरकारनेच सांगितले. आकडा वृत्तपत्रांत एक दिवस झळकला. पण या पाहणीचे खरे मोल त्या एका आकड्यात नाही. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा, पंचवीस वर्षे जाण्याचा जो संकल्प आहे, त्यात आहे. वेगवेगळ्या माणसांची एकेकदा केलेली मोजणी वृद्धांची संख्या सांगते; म्हातारपण कसे घडत गेले, हे त्याच माणसाच्या मागे राहिल्यावाचून कळत नाही.

आणि मागे राहणे हेच आपणांस साधत नाही. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही, या देशाला दीर्घकालीन पाहण्यांचे भवितव्य काय सांगावे? उद्घाटनाला फीत असते, दहाव्या फेरीला नसते. म्हणून आमची मागणी साधी आहे. महापालिकांच्या प्रसूतिगृहांतील व जिल्हा रुग्णालयांतील जन्मनोंदींच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्या कोरड्या खोलीत ठेवाव्यात आणि संशोधकांना, नावे गुप्त राखून, उपलब्ध कराव्यात. दीर्घ पाहण्यांचे अनुदान वर्षावर्षाला हात पसरून मिळवावे लागू नये. आणि गर्भवतीला लोहाच्या गोळीबरोबर दूध व अंडे कसे पोहोचेल, याचा विचार पोषण-योजना आखणाऱ्यांनी तिच्या लग्नापूर्वीपासून करावा.

पुण्याच्या त्या सहा गावांत १९९४ च्या सुमारास जन्मलेली बाळे आज तिशी ओलांडून गेली आहेत. कित्येकींच्या कडेवर स्वतःची मुले आहेत. त्यांची साठी २०५४ नंतर येईल. त्या वर्षी त्यांच्या दारात वजनकाटा आणि वही घेऊन कोणी तरी गेले पाहिजे, आणि त्याचा पगार कोणी द्यावयाचा, हे आजच्या अंदाजपत्रकात ठरवावे लागेल.